रोटरचं पातं

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात संध्याकाळी चक्कर मारा. वेल्डिंगच्या दुकानासमोर नाहीतर गोठ्याच्या कडेला एखादा ट्रॅक्टर मागचं अवजार उचलून उभा असतो आणि त्या अवजाराखाली डोकावत दोघं जण उकिडवे बसलेले असतात. एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात हातोडा. शेजारच्या घमेल्यात नवी पाती, अजून रंग न उडालेली. मृग तोंडावर आलेला असतो, आणि वर्षभर टाळलेलं काम आता टळण्यासारखं नसतं.

कागदोपत्री हे अवजार रोटाव्हेटर. बोलण्यात रोटर, आणि तो ‘मारायचा’ असतो. खोडवा निघाला की रोटर मारा, पाऊस पडून घात आली की रोटर मारा. नांगर, कुळवाच्या दोन पाळ्या आणि ढेकळं फोडायचा मैंद या सगळ्यांचं काम तो एका फेऱ्यात उरकतो, निदान तसं वाटतं तरी. लाखाच्या घरातलं हे यंत्र घेताना माणूस रंग पाहतो, गिअर बॉक्स पाहतो, किती फुटी ते विचारतो. मातीला प्रत्यक्ष भिडणाऱ्या पात्याकडे त्याचं लक्ष जातं ते ढेकळं फुटेनाशी झाली की.

या पात्याला जो कोन आहे, त्यामागे मोठा खटाटोप आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये गिलगंड्रा इथे वडिलांच्या शेतावर आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 मध्ये प्रयोग सुरू केले. नांगर ओढण्यापेक्षा इंजिनाच्या ताकदीनेच माती फिरवून भुसभुशीत केली तर, हा त्याचा विचार. पण सुरुवातीची पाती माती बाजूला फेकून देत. काटकोनात वाकवलेलं, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखं पातं केल्यावर ती अडचण सुटली. 1920 मध्ये त्याने पेटंट घेतलं, 1922 मध्ये कंपनी काढली आणि 1938 मध्ये तो इंग्लंडला गेला. रोटाव्हेटर हे नाव रोमन लिपीत उलटीकडून वाचलं तरी तेच राहतं. पात्यांना मात्र उलटसुलट चालत नाही, आणि बदलताना खरी गोची तिथेच होते.

सहा फुटी रोटरला बहुधा 42 पाती असतात. आडव्या दांड्यावर ठरावीक अंतराने लोखंडी चकत्या, म्हणजे फ्लँज. एकेका फ्लँजवर सहा पाती: तीन डावी, तीन उजवी. टोकाच्या फ्लँजवरची आत वळलेली. एका टोकाकडून पाहिलं तर ती एका रेषेत नसतात, मळसूत्रासारखी फिरत गेलेली दिसतात. सगळी एकदम मातीत शिरली तर ट्रॅक्टर गचके खाईल, म्हणून एकामागून एक शिरावीत अशी ती मांडणी. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो. गिअर बॉक्समधून उतरून तो वेग दांड्यापर्यंत साधारण दोनशेवर येतो. म्हणजे एकच पातं तासाभरात बारा हजार वेळा मातीत शिरतं आणि बाहेर येतं. आठ तासांचा दिवस धरला तर लाखाला चार हजार कमी. एवढी घासाघीस झाल्यावर लोखंड झिजलं तर नवल नाही. ते झिजण्यासाठीच केलेलं आहे.

झीज रानावर ठरते. खोल काळ्या जमिनीत पातं बरंच टिकतं. मुरमाड माळावर, चुनखडीच्या रानात किंवा कोकणातल्या जांभ्यावर ते बघता बघता अरुंद होतं. आधी वळलेल्या पायाचं टोक जातं, मग रुंदी घटते, आणि शेवटी उरतं ते सुरीसारखं पातळ काहीतरी. चाकांच्या मागोमाग येणारी पाती लवकर संपतात, कारण टायरने दाबलेली माती त्यांच्याच वाट्याला येते. त्यामुळे एकाच रोटरवर अर्धी बरी आणि अर्धी गेलेली, अशी अवस्था होते. माणूस मग म्हणतो, अजून हा हंगाम निघेल. माझ्या मते ही बचत पूर्ण खोटी आहे. झिजलेल्या पात्याने खोली मिळत नाही, लव्हाळा नि पाचट तुटण्याऐवजी दांड्याला गुंडाळतं, आणि त्याच रानात दुसरा फेरा मारावा लागतो. पात्यावर वाचलेले पैसे डिझेलच्या टाकीत जातात.

नांगराचा फाळ बोथटला की लोहाराकडे जायचा. तो भट्टीत तापवून, ठोकून, पाजवून, पाणी देऊन परत यायचा, आणि सुगीला लोहाराचं बलुतं घरपोच व्हायचं. रोटरच्या पात्याला ही सोय नाही. बरीचशी चांगली पाती बोरॉनच्या पोलादाची असतात आणि कारखान्यात नेमक्या तापमानाला कडक केलेली. भट्टीत घातलीत तर तो कडकपणा उतरतो. साध्या वेल्डिंग रॉडने भर टाकून टोक वाढवणारेही आहेत. दिसायला ते पातं नवं, पण पहिल्या गोट्याला जोडावर तुटतं, आणि वजन कमी-जास्त झाल्याने सगळा रोटर थरथरतो. ती थरथर शेवटी बेअरिंगला भोवते.

आता बदलण्याचं काम. रोटर सपाट जागेवर घ्यायचा, उचलून खाली जाड ओंडके ठेवायचे आणि वजन त्यांच्यावर सोडायचं. हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. तेल गळतं, कुणाचा तरी हात लिव्हरला लागतो. इंजिन बंद, चावी काढलेली, पीटीओचा शाफ्ट सोडवलेला. शाफ्ट सुटला की दांडा हाताने फिरतो आणि पुढचं पातं आपल्यासमोर आणता येतं.

जाम नटांना आदल्या रात्री डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी निम्मी कटकट वाचते. तरी काही हटत नाहीत. मग पान्याला पाईप, त्यानेही नाही झालं तर ग्राइंडर. जुना बोल्ट वाचवायचा मोह असतो, पण आटे गेलेला बोल्ट नव्या पात्याला लावणं म्हणजे ते पातं रानात पेरणंच. बोल्टही नवे घ्यावेत, त्याच मापाचे आणि त्याच दर्जाचे, स्प्रिंग वायसरसकट.

सगळी पाती एकदम काढून ढीग करणारे मी पाहिलेत. काढताना जोर येतो, लावताना भांडण होतं. कुठलं डावं, कुठलं उजवं, कुठे आत, कुठे बाहेर. एक काढावं, त्याच्या जागी त्याच वळणाचं लावावं, मग पुढच्याला हात घालावा. दांडा चाकांच्याच दिशेने फिरतो, म्हणून धार पुढे, पाठ मागे. उलटं बसलेलं पातं माती कापत नाही, पाठीने बडवतं, आणि ट्रॅक्टर उड्या मारतो.

नवी पाती लागली की रान पिठासारखं होतं आणि मालक खूश होतो. इथे एक खोडा आहे. एलच्या ज्या आडव्या पायामुळे गवत मुळापासून कापलं जातं, तोच पाय दरवर्षी त्याच चार-सहा इंचांच्या तळावर फिरून माती दाबतो, गुळगुळीत करतो. खाली कठीण थर बसतो, पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात. ओल जास्त असताना मारलेला रोटर हे काम आणखी झपाट्याने करतो. नवी पाती म्हणजे वाटेल तेव्हा मारायचा परवाना नव्हे. वापशाची वाट त्यालाही बघावी लागते, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा खोल नांगरट लागतेच.

यंदा पाती बदलणार असाल तर एवढं करा: ट्रॅक्टरची चावी स्वतःच्या खिशात ठेवा, आणि नव्या पात्यांनी तासभर रान मारून झालं की इंजिन बंद करून सगळे नट पुन्हा एकदा आवळा. पहिल्या तासात ते सैल होतातच.