हवालदाराची तलवार

सोनेतारणाची कर्जे देता देता बँकेत एक धडा शिकलो: घरची कथा आदराने ऐकावी, पण विश्वास कसोटीच्या दगडावरच ठेवावा. निवृत्तीनंतर जुन्या जपानी लष्करी तलवारी जमवू लागलो, तेव्हा तोच धडा कामी आला.

१९४५ साली जपान शरण आला आणि ब्रह्मदेशातून परतलेल्या कित्येक सैनिकांच्या ट्रंकांतून अशा तलवारी आपल्याकडे आल्या. गेल्या दिवाळीत पारनेर तालुक्यातला एक तरुण पणजोबांची तलवार धोतरात गुंडाळून नगरला माझ्याकडे आला.

"काका, जपानी जनरलची आहे. बहिणीच्या लग्नासाठी विकायचीय."

अधिकाऱ्याच्या तलवारीच्या मुठीवर माशाचे खरखरीत कातडे आणि वर फितीची वीण असते. बांबूची खुंटी काढली की मूठ सुटते. आतल्या पोलादावर कधी घडवणाऱ्याचे नाव सापडते. तिथला काळा गंज घासू नये, पात्याचे वय तोच सांगतो. लष्करी म्यानातून कधी शतकांपूर्वीचे घराण्याचे पातेही निघते.

ही मूठ मात्र ॲल्युमिनियमची, ओतीव. वीण नुसती रंगवलेली. पात्यावर मुठीजवळ आकडा ठोकलेला. १९३५ च्या नमुन्याची, कारखान्यात झालेली, हवालदाराच्या दर्जाच्या शिपायाची तलवार.

"म्हणजे खोटी?"

"खरी आहे. म्यानावरही हाच आकडा आहे बघ. पणजोबा कोण होते?"

"हवालदार."

जनरलची किंमत येणार नाही आणि शस्त्र कायद्याची चौकशी केल्याशिवाय विकूही नये, हे मी स्पष्ट सांगितले. तो मुकाट्याने धोतर गुंडाळू लागला.

"राखेने घासू नकोस," एवढेच म्हणालो.