शिक्षक मिळत नाहीत की टिकत नाहीत?

जगातल्या प्रत्येक मुलाला प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण द्यायचे, तर 2030 पर्यंत आणखी 4 कोटी 40 लाख शिक्षक लागतील, असे युनेस्कोचा 2024 चा अहवाल सांगतो. या टंचाईबद्दल आपल्याकडे काही समजुती पक्क्या झाल्या आहेत.

गैरसमज : ही गरीब देशांची अडचण आहे.
सर्वाधिक गरज, सुमारे दीड कोटी, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेला आहे हे खरे. पण युरोप आणि उत्तर अमेरिकेलाही 48 लाख शिक्षक हवेत, तेही मुख्यतः सोडून गेलेल्यांच्या जागी. जगभरात नोकरी सोडणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे प्रमाण 2015 मध्ये 4.6 टक्के होते. 2022 मध्ये ते 9 टक्क्यांवर पोचले. इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींना हजारो पौंडांची शिष्यवृत्ती देऊनही 2022-23 मध्ये उद्दिष्टाच्या पाचव्या हिश्शाइतकेही उमेदवार मिळाले नाहीत.

गैरसमज : तरुणांना शिक्षक व्हायचेच नाही.
महाराष्ट्रात तरी हे साफ चूक आहे. 2023 च्या शिक्षक अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले; पुढच्या वर्षी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरात निघाली ती सुमारे 21 हजार जागांची. त्याआधीची चाचणी डिसेंबर 2017 मधली. मधल्या पाच वर्षांत डी.एड., बी.एड. झालेली मुले घरी बसून होती आणि शाळांत पदे रिक्त होती. पद रिकामे झाले म्हणून लगेच भरले जात नाही. पटसंख्येवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेची मंजूर पदे ठरतात; बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची नोंदवही, तपासली जाते, मग जाहिरात. नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकसाठी हे मानधन 2023 पासून 16 हजार झाले. त्याआधी ते अवघे 6 हजार होते. घरापासून चारशे किलोमीटरवर खोली भाड्याने घेऊन एवढ्या मानधनात कसे भागवायचे? अशा तरुणाला दुसरी नोकरी मिळाली आणि तो गेला, तर दोष त्याला देता येणार नाही.

गैरसमज : पगार वाढवला की शिक्षक टिकतात.
पगार हवाच, पण कामाचे स्वरूपही पाहा. द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले की दुसऱ्या बाईंकडे सगळे वर्ग येतात. त्यातच शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा मुलामागे 100 ग्रॅमप्रमाणे हिशेब लिहायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि तालुक्याहून आलेल्या फोनला उत्तर द्यायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. कायदा स्पष्ट आहे, तो पाळला जात नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात. तुम्हीही त्यांपैकी असाल, तर पुढच्या सभेला जाल तेव्हा एवढे विचारा : मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि गेल्या महिन्यात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेरच्या कामाला होते? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.