जप्तीलाही मर्यादा असते

थकीत कर्जासाठी न्यायालयाचा हुकूमनामा झाला की ऋणकोच्या घरातील भांड्याकुंड्यांसह सारे काही लिलावात जाते, ही समजूत आजही दृढ आहे. या धास्तीने कित्येक कर्जदार शाखेची पायरी चढणेच टाळतात. काहीजण सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे आणून बँकेचा हप्ता भरतात. प्रत्यक्षात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ६० हे धनकोच्या हाताला स्पष्ट मर्यादा घालते.

या विचाराची एक जुनी पार्श्वभूमी महाराष्ट्रातच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचा उठाव पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक त्याने थांबविली, आणि जी जमीन त्याच कर्जासाठी खास गहाण दिलेली नाही ती विकता येणार नाही, असे ठरविले.

कलम ६० ची यादी वाचताना तिच्यामागील दृष्टी ध्यानात येते. ऋणको व त्याच्या पत्नी-मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकारही यातून वगळलेले आहेत. मंगळसूत्राचे उदाहरण सहज समोर येते. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती गुरे व बियाणे यांनाही संरक्षण आहे. शेतकरी, मजूर वा घरगडी स्वतः राहत असलेले त्याचे घरही सुरक्षित आहे. मात्र स्वतः जमीन कसणारा व मुख्यतः तिच्याच उत्पन्नावर जगणारा तोच येथे शेतकरी. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शहरी नोकरदाराने आपल्या सदनिकेसाठी या तरतुदीवर विसंबून राहू नये.

पगाराचा हिशेब अनेकांना ठाऊक नसतो. पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. जप्तीच्या हिशेबात धरावयाचा पगार २५,००० रुपये असेल, तर २४,००० चा एक तृतीयांश, म्हणजे ८,००० रुपयेच दरमहा कापले जातील. शिवाय एकाच हुकूमनाम्यापोटी ही कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा तो भागही कायमचा मुक्त होतो. या उदाहरणात पगारातून मिळू शकणारी कमाल रक्कम १,९२,००० रुपये भरते. जामीनदाराची पगारपत्रके पाहून निश्चिंत होणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा आकडा जरूर मांडून पाहावा. १,००० रुपयांची मर्यादा १९९९ च्या दुरुस्तीतील आहे. आजच्या बाजारभावात ती तुटपुंजी वाटते, हेही खरे.

निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि ऋणकोच्या आयुर्विम्यापोटी देय रक्कम यांनाही कवच आहे. निवृत्तीचे पैसे हाती येऊन मुदतठेवीत गुंतविले गेले, तर हे कवच गळून पडते काय? एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये याचे उत्तर नकारार्थी दिले: निवृत्तिवेतन व उपदान स्वीकारल्यानंतरही त्यांचे स्वरूप पालटत नाही. अशी ठेव स्वतंत्र ठेवून तिच्या स्रोताचे कागद जपणे ज्येष्ठ खातेदारांच्या हिताचे आहे. एखाद्या करारात या सवलतींवर पाणी सोडल्याचे लिहून घेतले असले, तरी कलम ६० (१अ) नुसार तो करार निरर्थक ठरतो.

अंमलबजावणीच्या रीतीवरही बंधने आहेत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी बेलिफाला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होत नाही. १९८० मध्ये ‘जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ दारिद्र्यामुळे कर्ज न फेडणाऱ्यास तुरुंगात धाडता येणार नाही, असा निर्वाळा दिला. ऐपत असूनही टाळाटाळ करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

येथवर वाचून कोणा कर्जदाराने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर १८७९ च्या कायद्यातील ‘गहाण’ हा शब्द त्याने पुन्हा आठवावा. स्वतः होऊन बँकेकडे गहाण ठेवलेल्या घराला कलम ६० सहसा वाचवू शकत नाही. २००२ चा सरफेसी कायदा संहितेने वगळलेल्या मालमत्तेला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो; परंतु कर्जासाठी खास तारण दिलेली मालमत्ता त्या अपवादात येत नाही. ६० दिवसांची नोटीस देऊन बँक तारणावर पुढील कारवाई करू शकते. शेतजमिनीवरील तारण मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हा तारणपत्रावर सही करण्यापूर्वी कोणती मालमत्ता आपण त्यात लिहून देत आहोत, हे कर्जदाराने व जामीनदाराने शाखेत बसून ओळीने वाचावे, आणि ते समजावून सांगण्यास अधिकाऱ्याने वेळ द्यावा.