शर्यतींतील सोबती

इ. स. १९२० च्या ऑगस्टमध्यें बेल्जममधील अँटवर्प शहरीं ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. तींत हिंदुस्थानच्या पहिल्या संघांतील फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे धांवले. अंतर बेचाळीस किलोमीटरांहून कांहीसें अधिक. चौगुले एकोणिसावे आले; दातारांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. एका रेषेवरून निघालेल्या दोघांचा हिशेब रस्ता असा निरनिराळा मांडतो.

पहिल्याच शर्यतीला उतरणारे मित्र हें विसरतात. स्नायूंत व यकृतांत सांठलेली शर्करा मर्यादित असते. आरंभीं गर्दीच्या भरांत वेग वाढला कीं ती झपाट्यानें खर्ची पडते आणि उत्तरार्धांत पाय मणामणाचे होतात. येथें घड्याळापेक्षां मित्र बरा! त्याच्याशीं पुरें वाक्य बोलतां येत असेल तर वेग योग्य. दोन शब्दांतच धाप लागली तर दोघांनींहि वेग आवरावा. मात्र वाटेंत एकाचा दम सरला तर दुसऱ्यानें थांबावें कीं पुढें जावें, हें घरींच ठरवून घ्यावें. धापा टाकीत ठरविलेल्या गोष्टीचा राग पुष्कळ दिवस पुरतो. आणि परतीचें भाडें दोघांच्याहि खिशांत वेगवेगळें असावें.