रानातले रानाला परत द्या



कुकडी आणि घोड नदीच्या पाण्यावर आपल्या जुन्नर-आंबेगावात ऊस उभा राहिला. तोड झाली की मोळ्या निवृत्तीनगरच्या विघ्नहर किंवा पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला जातात. कारखाना उसाचे काही वाया घालवत नाही. बगॅस बॉयलरला जळण होते, रस गाळून उरलेल्या प्रेसमडचे खत होते. आपण मात्र पाचटाला काडी लावून मोकळे होतो!

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि पाऊण ते एक टक्का पालाश असते. म्हणजे १५ ते २० किलो नत्र आणि २५ ते ४० किलो पालाश. जाळले की नत्र धुराबरोबर जाते, सेंद्रिय कर्ब जातो, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. मग आपण खताची पोती आणतो. त्यातले पोटॅश तर जवळजवळ सारे परदेशातून येते.

खोडवा राखताना पाचट सरीत पसरा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्या. पाचट मातीला चिकटेल असे दाबावे. पिकाची खते मात्र फोकून न देता पहारीने भोक पाडून, मुळाशी द्यावीत.

"पाचटाने सरीत पाणी तुंबते," अशी तक्रार येते. भारी जमिनीत एका सरीत पाचट आणि दुसरीत पाणी ठेवावे. कालव्याचे आवर्तन लांबले तर पाचटाखालची ओल पीक तगवते. तणही कमी उगवते, खुरपणीचा खर्च वाचतो.

हिरवे वाढे जनावरांना घाला. चार-पाच जनावरांचे रोजचे ५० किलो शेण दोन घनमीटर गोबरगॅसला पुरते. घरच्या माउलीची चूल धुराविना पेटते आणि स्लरी पुन्हा उसाला जाते.

यंदा निदान एक एकर खोडवा न जाळता राखा. शेजारच्या जाळलेल्या रानाशी पाणी, खुरपणी, खत आणि उतारा वहीत मांडून ताडून पाहा. अडचण आली तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.