प्रवाळाचं बेणं

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नाद लागलेल्या माणसाला नुसते मासे पुरत नाहीत. लवकरच त्याला प्रवाळ हवंसं वाटतं, आणि मग विक्रेत्याचं ठरलेलं वाक्य कानावर येतं : ‘हे समुद्रातलं नाही दादा, फार्मचं आहे.’ लातूर-नांदेडच्या गिऱ्हाइकाने या वाक्यावर किती भरवसा ठेवावा?

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला प्रवाळाची लागवड चटकन कळेल. दोन डोळ्यांच्या टिपरीपासून उसाचं बेट उभं राहतं, तसं जिवंत प्रवाळाच्या फांदीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा तोडतात आणि चिनी मातीच्या खुंटीवर झटपट गोंदाने चिकटवतात. हाच ‘फ्रॅग’. अॅक्रोपोरासारखी फांद्यांची जात समुद्रात वर्षाला दहा-वीस सेंटिमीटर वाढू शकते. पोराइट्सचा दगडी गोळा जेमतेम सेंटिमीटरभर. लागवड परवडते ती पहिल्या प्रकारची. सावकाश वाढणारी, मांसल, भडक रंगांची एकेकटी प्रवाळं विकायला असतील, तर ती बहुधा समुद्रातूनच उचललेली.

जुना फ्रॅग ओळखू येतो. प्रवाळाची कड खुंटीवर पसरलेली असते, गोंद झाकला गेलेला असतो. नुसती गोंदाची रेघ दिसत असेल तर तो तुकडा काल-परवा कापलेला. आणि समुद्रातली वसाहत फोडून खुंटीवर चिकटवायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

बेण्याला दाखला असतो, प्रवाळालाही आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारानुसार परवान्यावर मूळ एका अक्षराने लिहितात : डब्ल्यू म्हणजे निसर्गातून, सी किंवा एफ म्हणजे बंदिस्त पैदास. पण परवाना अख्ख्या खेपेचा असतो, तुकड्याचा नव्हे. खेप फुटली, दोन-तीन हात फिरली की उरतो फक्त विक्रेत्याचा शब्द. इंडोनेशियासारख्या मोठ्या पुरवठादार देशानेही २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली होती. ती २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे मात्र हा वाद मुळातच वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळी खडक बांधणारी प्रवाळं आली. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखेही आले. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. ‘बंदिस्त प्राणी’ या संज्ञेत कायदा पकडलेला आणि बंदिवासात जन्मलेला, दोन्ही धरतो. शिक्षा तीन ते सात वर्षं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. फार्मचं की समुद्रातलं, हा हौशी माणसाचा प्रश्न कायद्याने विचारलेलाच नाही. मुंबईच्या किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीच्या प्रवाळ वसाहती २०२० मध्ये हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. त्या वसाहती होत्या अवघ्या अठरा.

झोअँथिडसारख्या मऊ जाती त्या २००१ च्या यादीत नाहीत, म्हणून विक्रेता गिऱ्हाइकाला तिकडे वळवतो. पण त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असे खडक घासताना किंवा उकळताना घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याच्या नोंदी परदेशात आहेत.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पाणी उरतंच. प्रवाळाला लागतं सव्वीस अंशांच्या आसपासचं, लिटरला पस्तीस ग्रॅम क्षाराचं, नायट्रेट जवळजवळ नसलेलं पाणी. बोअरचं जड पाणी चालत नाही, म्हणून आरओ. आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे सहज तीन लिटर मोरीत सोडतो. दोनशे लिटरच्या टाकीत आठवड्याला वीस लिटर पाणी बदललं, तर साठ लिटर वाया. मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा चिलर अखंड हवा, आणि वीज गेली की इन्व्हर्टर. ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, तिथे हे गणित मला तरी जड वाटतं. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरी प्रकल्प आहे. उन्हाळा तिथेही तोच.

मग हौस मारायची का? नाही. क्लाऊनफिश बंदिवासात सहज वाढतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने त्याच्या पैदाशीचं काम हाती घेतलं आहे. अशा पैदाशीतली जोडी घ्यावी, चिनी मातीचा खडक ठेवावा. क्लाऊनफिश तेवढ्यावरही सुखाने राहतो. दगडी प्रवाळ घेऊ नये, फार्मचं म्हणून तर मुळीच नाही, कारण तो दावा गिऱ्हाइकाला तपासता येत नाही. ते पाहायचंच असेल तर आपल्याच राज्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्केलिंगला उतरलात, तर तेवढं करा : थकलात तरी प्रवाळावर पाय टेकू नका.