विश्लेषण : अकरावीला गणित ठेवावे की सोडावे?

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे वळणाऱ्यांना पीसीएम, पीसीबी की पीसीएमबी हे थोड्या दिवसांत ठरवावे लागते. अवघड जाते म्हणून गणित सोडले जाते. त्याची किंमत मात्र बारावीनंतर कळते.

कोणत्या विषयावर काय अवलंबून?

अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्यावा लागतो. त्यातील 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. ‘नीट’मध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. ‘एनडीए’तून नौदल वा हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. बी.फार्म.ला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोन्ही चालते.

मग चारही विषय घ्यावेत?

कल ठरलेला नसेल तर पीसीएमबी उपयोगी, पण दोन्हीकडच्या तयारीचा ताण मोठा. बायफोकलचा 200 गुणांचा संगणकशास्त्रासारखा विषय दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. पीसीएमचे विद्यार्थी तेव्हा सहसा जीवशास्त्र सोडतात. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांना ‘नीट’ देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिली. तरी त्यात वेळ जातोच.

अकरावी ‘आरामाचे वर्ष’ का नाही?

सीईटीत सुमारे 20 टक्के भार अकरावीचा असतो. ‘जेईई’ आणि ‘नीट’ला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. अकरावी कच्ची राहिली तर बारावीत बोर्डाच्या अभ्यासासोबत तीही भरून काढावी लागते.

अभ्यासाचा क्रम कसा असावा?

राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसरेच प्रकरण व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची ओळख करून देते. गणिताच्या पुस्तकात मात्र डेरिव्हेटिव्ह शेवटाकडे येते. त्यामुळे सुरुवातीला अनेकांना भौतिकशास्त्र जड वाटते. अडचण खरे तर गणिताची असते. पीसीबीवाल्यांचीही यातून सुटका नाही. यावर उपाय सोपा आहे : दहावीनंतरच्या सुट्टीत त्रिकोणमिती, वर्गसमीकरणे आणि आलेख पक्के करावेत आणि पहिल्या महिन्यात व्हेक्टरचा भरपूर सराव करावा.

पालकांनी काय करावे?

क्लास निवडण्याआधी मुलांसोबत बसून आवडीच्या तीन-चार अभ्यासक्रमांची यादी करावी. प्रत्येकाच्या माहितीपुस्तिकेतील पात्रतेचे विषय आणि किमान गुण पाहावेत आणि मगच गट ठरवावा. यादीतील एकाही अभ्यासक्रमाला गणित लागत असेल, तर निदान अकरावीत ते सोडू नये.